पहिल्या धड्याचा परवाना

आरमोरीच्या बसस्टँडसमोर रफीकभाईंचं झेरॉक्स आणि मोबाइलचं दुकान आहे. मी तिथं चाचणीच्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला गेले होते, आणि दुकानातली एकुलती एक खुर्ची एका गृहस्थांनी अडवून ठेवली होती. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, भर उन्हाळ्यात पायात मोजे आणि हातात नवाकोरा मोबाइल. मोबाइल त्यांनी डोळ्यांच्या इतका जवळ धरला होता, की मला वाटलं यांना दिसत नसावं. रफीकभाईंनी खालच्या आवाजात खुलासा केला. भाऊंनी मोबाइल विकत घेतला होता, तो सुरू करताना ज्या अटी पडद्यावर येतात त्या ते वाचत होते, आणि दुकान उघडल्यापासून वाचत होते. मध्ये चहा झाला, पान झालं, पण 'मान्य आहे' या बटणापर्यंत गाडी काही पोचली नव्हती.

मला हसू आलं आणि ते त्यांनी ऐकलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "म्याडम, तुम्ही वाचल्या होत्या का तुमच्या?"

मी म्हटलं, या अटी कुणीच वाचत नाही.

"मंग सही कशाले करता?"

मी प्रश्नपत्रिका उचलल्या आणि घरी जाईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले. पुढची बरीच वर्षं हेच चालायचं होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आता ते नाहीत, पण असते तर आधी हेच विचारलं असतं, की नाव छापायची परवानगी कुणाकडून घेतली. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते वडशाच्या रस्त्यावर घर बांधून राहत होते. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. त्यांच्या पत्नी धानोऱ्याकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आयुष्यभर शिक्षिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणायचे, भाऊसुद्धा.

भाऊ जिथं जे छापलेलं दिसेल ते वाचायचे, आणि वाचलेलं खरं मानायचे. लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं असलं, की ते हात हलवत जायचे आणि यजमानाला वर सांगायचे की तुमची अट पाळली. एकदा झाडीपट्टीच्या नाटकाच्या तिकिटावर 'कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे' असं वाचून ते थेट रंगमंचामागे गेले आणि कोणता बदल करणार आहात, असं मॅनेजरला विचारायला लागले. मॅनेजर बिचारा मिशी चिकटवत होता, कारण राजाचा नट आला नव्हता आणि त्याच्या जागी त्यालाच उभं राहायचं होतं. भाऊंनी समाधानानं मान हलवली आणि जागेवर येऊन बसले. मी शेजारीच होते. नाटक संपेपर्यंत ते मला प्रत्येक प्रवेशात सांगत होते, की हा राजा मुळातला नाही.

गावाला ते विक्षिप्त वाटायचे. मलाही वाटायचे, आणि पुष्कळदा वैतागही यायचा. बँकेत, बसमध्ये, दवाखान्यात त्यांच्यामागे रांगेत उभं राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्यालाच तो कळेल.

मी भूगोल शिकवते म्हणून त्यांनी मला कामाला जुंपलं. कुरखेडा, धानोरा भागातल्या गावांना त्यांच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले होते. हक्क मिळाला की ग्रामसभेला आपल्या जंगलाचा नकाशा लागतो. मोह कुठं, बांबू कुठं, नाले कसे वाहतात आणि शेजारच्या गावाची शीव कुठून जाते, हे त्यात यावं लागतं. असे नकाशे करायचा संगणकावरचा एक प्रोग्राम आहे. जगभरातल्या लोकांनी मिळून तो केला आणि मुक्त ठेवला आहे. मुक्त म्हणजे फुकट, असं मी म्हटलं तेव्हा भाऊंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. मुक्त म्हणजे कुणीही वापरावा, उघडून आत पाहावा, गरजेप्रमाणे बदलावा, बदललेला दुसऱ्याला द्यावा. फुकट तर देवळातला प्रसादही असतो, पण तो कसा केला हे पुजारी सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या प्रोग्रामचं प्रशिक्षण द्यायला शहरातली एक संस्था आली होती. शिकवलं बरं, चांगलं जाड पुस्तकही प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलं. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की सर्व हक्क राखीव, कोणत्याही भागाची प्रत काढू नये. भाऊंनी ते अर्थातच वाचलं. शेवटच्या दिवशी संस्थेच्या लोकांनी पुस्तकं मोजून गोळा केली आणि गाडीत भरून नेली. खेड्यांतून आलेले लोक प्रोग्राम घेऊन घरी गेले, आणि पावसाळा लागेपर्यंत निम्मं विसरले. ज्यांना आठवत होतं त्यांना अडल्यावर पाहायला काही नव्हतं.

त्या संध्याकाळी भाऊ माझ्या घरी आले आणि पाणी न घेता त्यांनी मला एका विहिरीची गोष्ट सांगितली. त्यांची आई नवी नवरी म्हणून ज्या गावात आली, तिथं एक विहीर होती. कठड्यावर दगडात कोरलेलं होतं, 'सर्वांसाठी खुली'. तिथून कुणी कुणाला हाकलत नव्हतं. फक्त दोर आणि बादली एका मोठ्या घरच्या पडवीत टांगलेली असायची, आणि भाऊंच्या वस्तीतल्या लोकांनी तिला हात लावायचा नाही, एवढंच. आई घागर घेऊन कठड्यापासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली, तर ती बाई आपलं पाणी भरून झाल्यावर आईच्या घागरीत वरून ओतायची. धम्मदीक्षा घेतल्यावर वस्तीनं अंबाडीचा स्वतःचा दोर वळला. तो घेऊन पहिल्यांदा विहिरीवर ज्या बाया गेल्या, त्यांच्यात भाऊंची आई होती आणि भाऊ तिच्या कडेवर होते.

"दगडावर लिवलं ते खोटं नोहोतं, म्याडम," भाऊ म्हणाले. "पन दोर कोनाच्या घरी हाय, ते लिवलं नोहोतं. हा प्रोग्राम तशी विहीर हाय. पुस्तक म्हंजे दोर. आपन आपला दोर वळू."

अशी आमची माहितीपुस्तिका सुरू झाली. भाऊ प्रोग्रामचं लिहायचे, मी नकाशाची दिशा, प्रमाण, खुणा यांचं. भाऊंनी सर्वांत आधी काय केलं असेल, तर शेवटचं पान टाइप केलं. एक अक्षर लिहून व्हायच्या आधी पुस्तिकेचा परवाना तयार. ही पुस्तिका कुणीही वापरावी, प्रती काढाव्यात, विकाव्यात, ती बदलावी, दुसऱ्या भाषेत न्यावी. अटी दोनच, आधी ज्यांनी लिहिलं त्यांची नावं राहू द्यावीत, आणि बदललेली पुस्तिकाही पुढच्याला याच हक्कांनी द्यावी. विकाव्यात कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाले, विकायची बंदी घातली तर रफीकनं झेरॉक्स कसं काढायचं, तो कागद घरून आणतो का? रफीकभाईंना त्यांनी खुर्चीत बसवून हा सगळा कायदा शिकवला. कागदावर काहीच लिहिलेलं नसेल तर सगळं मोकळं असतं, असा रफीकभाईंचा समज होता. भाऊंनी तो मोडून काढला. काहीच लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे राहतात, तेव्हा शेवटचं पान बघितल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. रफीकभाई तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान उलटून बघायला लागले. गिऱ्हाइकं कंटाळली.

पहिला धडा मात्र जमेना. संगणक कधी न पाहिलेल्या माणसासाठी तो होता. भाऊंनी लिहिला तो टेलिफोन खात्याच्या परिपत्रकासारखा झाला. मी लिहिला तो पाठ्यपुस्तकासारखा. दोन्ही बाईंनी वाचले आणि बाजूला ठेवले.

बाई स्वतः संगणक शिकल्या त्या निवृत्तीनंतर. भाऊंनी आधी शिकवायचा प्रयत्न केला आणि दोघांचं चार दिवस बोलणं बंद झालं. मग शेजारच्या घरची सून, जी नुकतीच कुठंतरी शिकून आली होती, तिच्याकडून बाई आठवड्याभरात शिकल्या. यात त्यांना नवल वाटलं नाही. शाळेत त्या हेच करत आल्या होत्या. ज्या मुलाला काल वाचता आलं, त्याला त्या आज न येणाऱ्याच्या शेजारी बसवायच्या. आम्ही तिघं गावोगाव हा प्रोग्राम शिकवायची शिबिरं घ्यायला लागलो होतो, तिथंही त्यांनी हाच नेम लावला. सगळ्यात शेवटी जो शिकला असेल, त्यानं उभं राहून पहिला धडा सांगायचा. सर्वांत जास्त येणाऱ्यांनी, म्हणजे भाऊंनी आणि मी, मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

"ज्याले लय दिवसापासून येते," बाई म्हणायच्या, "तो आपन कुठी अडलो होतो ते विसरून जाते."

तेव्हा आमच्यात सगळ्यात शेवटी शिकलेल्या बाईच होत्या. म्हणून पहिला धडा त्यांनी लिहिला. त्याची पहिली ओळ होती, 'मले भेव वाटत होतं.' माउसला हात लावला की आतला नकाशा पुसला जाईल असं त्यांना वाटलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी त्या हात पदरात घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माउस उचलून त्यांनी पडद्याला लावला. हे सगळं त्यांनी जसंच्या तसं लिहिलं होतं, आणि त्याच्या मधून मधून, वाचणाऱ्याला कळणारही नाही अशा बेतानं, बटण कुठलं आणि कशाला हे सांगितलं होतं. तो धडा वाचून मी माझे धडे पुन्हा लिहायला घेतले.

पुस्तिका जवळजवळ पुरी झाली आणि बाईंचं दुखणं निघालं. नागपूरच्या वाऱ्या झाल्या. त्या अवस्थेतही त्यांनी कुरखेड्याच्या पलीकडच्या एका गावात शिबिर घेतलं आणि कच्च्या पुस्तिकेची एक प्रत, परवाना पक्क्या प्रतीतच छापायचा म्हणून शेवटचं पान कोरं सोडलेली, तिथल्या झुरीबाईंजवळ ठेवून आल्या. झुरीबाई ग्रामसभेचं काम बघायच्या. ते बाईंचं शेवटचं शिबिर. धान कापणीला आला तेव्हा बाई गेल्या.

विहारात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भाऊंनी भाषण केलं नाही. उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि बाईंचा पहिला धडा वाचून दाखवला. लोक आधी बुचकळ्यात पडले. हात पदरात घेऊन बसल्याची जागा आली तेव्हा बाया हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मीही रडले. भाऊ शेवटची ओळ वाचून, कागदाची घडी करून खाली बसले.

त्यानंतर पुस्तिका थांबली. मी महिनाभर काही विचारलं नाही. मग एकदा त्यांच्या घरी गेले तर शेवटचं पान कोरं होतं. परवाना काढून टाकलेला. टेबलावर दुसऱ्या एका परवान्याचा छापील मजकूर पडला होता, तांबड्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. पुस्तिकांसाठीच केलेला हा एक जुना परवाना. त्यात बाकी सगळं मोकळं, पण लिहिणारा काही पानांना कुलूप लावू शकतो. पुढं कुणीही कितीही बदल केले, तरी ती पानं जशीच्या तशी ठेवावीच लागतात. मला विचारायची गरज नव्हती, कोणत्या पानांना.

मी तरी बोलले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अटींशी भांडलात आणि आता स्वतः घालताय, असं काहीतरी. मी अशी बोलून जाते.

ते चिडले नाहीत. "बाकी सारं बदला, म्याडम. माझे धडे फेकून द्या. पन तिचे शब्द कोनी हलवू नये. तिचा आवाज दुसरीकडं कुठी राह्यला हाय, सांगा."

घरात बाईंच्या आवाजाची एक ध्वनिफीतही नव्हती. होता तो एवढाच कागद.

पण कुलूपही त्यांच्यानं लावलं जाईना. त्या परवान्याच्या अटी त्यांनी माझ्यापेक्षा नीट वाचल्या होत्या. कुलूप लावलेला धडा गोंडीत नेला, तरी मूळ धडा तिथून काढता येत नव्हता. तो मराठीत तसाच पुढं राहणार, आणि गोंडी त्याच्या शेजारी उभी राहणार. शिवाय लोक आता शीव फिरायला मोबाइल घेऊन जायला लागले होते. माउसची भीती वाटायला आधी माउस तर दिसायला हवा. हे सगळं भाऊंना कळत होतं. म्हणून ते एक दिवस हा परवाना वाचायचे, दुसऱ्या दिवशी तो, आणि शेवटचं पान कोरंच राहायचं. कापणी झाली, मळणी झाली, मोह वेचून झाला, आणि पुस्तिका टेबलावरच.

अशात एकदा आम्ही दोघं रफीकभाईंच्या दुकानात होतो. रफीकभाई मोठ्या उत्साहानं सांगायला लागले. कुरखेड्याकडून दोन बाया आल्या होत्या, पहाटेची बस धरून. त्यांच्याजवळ भाऊंची पुस्तिका होती, शेजारच्या गावांना देण्यासाठी तिच्या प्रती हव्या होत्या. रफीकभाईंनी आधी शेवटचं पान उलटलं. पाहतात तर कोरं.

"मी साफ सांगितलं, बाई, इसपे कुछ लिखा नाई. भाऊनं मले शिकवलं हाय, लिवलं नाई तं झेरॉक्स नाई."

त्यांना शाबासकी हवी होती. भाऊंनी विचारलं, मग त्या काय म्हणाल्या. रफीकभाई म्हणाले, काहीच नाही, झुरीबाई का कोण होती, तिनं पुस्तिका पिशवीत घातली आणि परतीची बस पकडायला दोघी निघून गेल्या.

भाऊ खुर्चीत बसून राहिले. रफीकभाईंचा चेहरा उतरला. त्यांचं काय चुकलं हे त्यांना कळेना, आणि खरं तर काही चुकलंही नव्हतं. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "दोर आता माझ्या पडवीत टांगला हाय, म्याडम."

त्याच आठवड्यात आम्ही वडशावरून कुरखेड्याला गेलो आणि तिथून ऑटोनं झुरीबाईंच्या गावाला. भाऊंनी निरोप पाठवून ग्रामसभा मागितली होती. पुस्तिकेतले नकाशे त्या गावाच्या जंगलाचे होते, उदाहरणं त्यांच्या नाल्यांची आणि बांधांची होती, तेव्हा परवाना ठरवायचा तर त्यांना विचारून, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. सभा गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, पुढच्या मांडवात भरली. त्या गावात हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांना पटलं तरच ठराव होतो. एकालाही पटलं नाही, तर त्याचं ऐकून घ्यायचं, आणि तरी जुळलं नाही तर पुन्हा कधीतरी बसायचं.

भाऊंनी परवान्यांचा फरक समजावून सांगितला. त्यांना इतकं सोपं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, उद्या एखादा कंत्राटदार ही पुस्तिका घेऊन आपली म्हणायला लागला तर. भाऊंनी सांगितलं, घेऊ शकेल, छापू शकेल, पण तुमची नावं काढू शकणार नाही आणि पुढं कुणाला अडवू शकणार नाही. म्हाताऱ्याला ते पटलं.

मग भाऊंनी बाईंच्या पानांचं काढलं. एवढा एक धडा कुलपात ठेवावा, बाकी सगळं मोकळं, एवढीच विनंती, असं म्हणून ते थांबले. कुणी चर्चा केली नाही. बाई त्या गावाच्या लाडक्या होत्या. बायांच्या बाजूनं, पुरुषांच्या बाजूनं माना हलल्या. चालते, चालते, असं सगळे म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. निदान आता पुस्तिका निघेल.

झुरीबाईंची मान हलली नव्हती. ते सगळ्यांच्या लक्षात आलं. त्या खाली मान घालून बसल्या होत्या. गावच्या पाटलांनी त्यांना गोंडीत काहीतरी विचारलं. मग त्या भाऊंना कळावं म्हणून मराठीत बोलल्या.

"मले नाई पटत, भाऊ. बाईनंच नेम लावून देल्ला होता. शेवटी जो शिकला त्यानं पहिला धडा सांगावा. बाईच्या मागून मी शिकली, आता पहिला धडा मी सांगावा. तिचं पान बंद केलं तं तिचाच नेम मोडते. माझा धडाही उद्या काढून टाकतीन, माझ्या मागून कोनी शिकलं म्हंजे. काढलाच पायजे."

गावातल्या कुणी त्यांना गप्प केलं नाही. तसा तिथं रिवाजच नाही. भाऊ उठले आणि मांडवाबाहेर जाऊन मोहाच्या झाडाखाली पाठमोरे उभे राहिले. मला त्यांच्यामागे जावंसं वाटलं, पण गेले नाही. झुरीबाईंचा मला रागही आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. एका एकट्या माणसाजवळ जे एवढंच उरलं होतं ते त्यांनी मागितलं होतं, आणि मागितलं तेही त्याच्याच बायकोच्या शब्दावर.

मांडवात लोक तंबाखू मळत वाट बघत राहिले. घाई कुणालाच नव्हती. भाऊ परत आले तेव्हा त्यांनी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. ते सभेसमोर उभे राहून म्हणाले, की मी माझी विनंती मागे घेतो. एवढंच. मग पाटलांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना पुन्हा विचारलं, आणि झुरीबाईंसकट सगळ्यांनी हो म्हटलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. वडसा मागे पडल्यावर एकदाच म्हणाले, "ती असती तं तिनं माहाच कान पकडला असता." नंतर डोळे मिटून घेतले. झोपले मात्र नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचं पान पहिल्यासारखं टाइप केलं. ज्यांनी लिहिलं त्यांच्या नावांत बाईंचं नाव आधी घातलं. रफीकभाईंनी ते पान दुकानात मोठ्यानं वाचलं, आणि झुरीबाईंच्या गावच्या प्रती स्वतः कंडक्टरच्या हाती दिल्या. पुस्तिका आता पुष्कळ गावांत आहे. काही मला ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या आहेत, असं ऐकते. कुठं पहिला धडा बाईंचाच आहे, कुठं नाही, असंही कानावर येतं. भाऊ गेल्यावर मी एकदा सगळ्या रूपांच्या प्रती जमवून ठेवल्या, पण उघडून बघायचा धीर अजून झालेला नाही.

एक मात्र मी पाहिलं आहे. त्या सभेनंतरच्या पावसाळ्यात झुरीबाई आरमोरीला आल्या. पुस्तिकेचं गोंडी रूप तयार होतं, देवनागरीत लिहिलेलं. त्यात पहिला धडा नवा होता, त्यांचा. प्रती काढण्याआधी भाऊंना दाखवायचा म्हणून त्यांनी निरोप दिला होता, आणि आम्ही रफीकभाईंच्या दुकानात जमलो. परवानगीची गरज नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्या आल्या.

भाऊंनी कागद हातात घेतला, सवयीनं चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षरं ओळखीची होती, भाषा येत नव्हती. छापलेलं किंवा लिहिलेलं काही त्यांच्या हातून न वाचता सुटल्याचं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. बोट तिथंच ठेवून त्यांनी विचारलं, इथं काय लिहिलं आहे.

"'मले भेव वाटत होतं', असं लिवलं हाय," झुरीबाई म्हणाल्या.

भाऊंनी त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "हे बाईच्या धड्यातून घेतलं?"

"नाई, भाऊ. मले खरंच वाटत होतं."

त्यांनी दुसरी ओळ विचारली नाही. चष्मा काढून खिशात ठेवला आणि कागद रफीकभाईंकडे दिला. रफीकभाईंनी सगळी पानं उलटवून शेवटचं पान पाहिलं, आणि मशीन सुरू केलं.